गिटारच्या कडेचं बाइंडिंग: गोंद कुठला, टेप कुठला?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. दिवसा आकडेमोड करतो, रात्री गच्चीवरच्या खोलीत लाकूड तासतो. दीड वर्ष रखडलेली पहिली गिटार आता पेटीच्या आकाराला आलीय. वरची पाटी स्प्रूसची, म्हणजे देवदारासारख्या मऊ सूचिपर्णी लाकडाची, मागवलेली. पाठ आणि बाजू शिसवाच्या. आजोबांचं कपाट मोडलं तेव्हा फळ्या ठेवल्या होत्या, त्या वखारीत चिरून घेतल्या. ट्रिमरने, म्हणजे हातात धरायच्या कोरणी यंत्राने, कडेला खाच मारून झालीय, २ मिमी आत आणि ६ मिमी उंच. पाटीवर आणि खाचेत चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हातही दिलाय, कारण गोंदाचे डाग पडतात असं वाचलं होतं.

आता त्या खाचेत पांढरी पट्टी, म्हणजे बाइंडिंग, बसवायची. इथे सोलापुरातल्याच एका हार्डवेअरच्या दुकानातून आणली. दुकानदार म्हणाला, "सेल्युलॉइडच आहे, बिनधास्त न्या." रुंद होती, मी ६ मिमीला कापून घेतली.

दोन प्रश्न आहेत. गोंद कुठला? आणि तो वाळेपर्यंत पट्टी धरून ठेवायला टेप कुठला? टाकाऊ तुकड्यावर प्रयोग केले. मास्किंग टेप सकाळपर्यंत स्वतःच सुटून आला. खाकी पॅकिंग टेप घट्ट बसला, पण काढताना स्प्रूसचे तंतू घेऊन आला. बघून पोटात गोळा आला.

कडकभाकरी
दीड वर्षात किती खर्च झाला ते सांगा, म्हणजे तेवढ्यात किती तयार गिटारी आल्या असत्या याचा हिशेब लावतो. आकडेमोडीचं काम तुमचंच आहे म्हणा.

शेंगाचटणी
@कडकभाकरी तो हिशेब घरात एका व्यक्तीने लावून ठेवलाय. कृपया तिला इथला पत्ता देऊ नका.

तारसप्तक
गोंदाचं नंतर बघू. आधी पट्टी कशाची आहे ते नक्की करा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, त्याच्या लेखी पांढरं आणि वाकतं ते सगळं सेल्युलॉइड.

खरं सेल्युलॉइड, म्हणजे ते जुन्या काळचं प्लास्टिक, ओळखायला सोपं. पट्टीची कड ब्लेडने थोडी खरवडा किंवा अंगठ्याने जोरात घासा आणि लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला पाहिजे. अगदी आरतीच्या ताटातला. सेल्युलॉइड मऊ राहावं म्हणून त्यात कापूरच घालतात. दुसरी परीक्षा, एका कतरणीवर ॲसिटोनचा थेंब. सेल्युलॉइड असेल तर जागा लगेच चिकट होते, बोटाला लागते. एबीएस नावाचं दुसरं प्लास्टिक असेल तर तेही विरघळतं, पण कापूर नाही. दोन्ही नसेल तर मामला वेगळा.

जाळून बघायचा मोह आवरा. सेल्युलॉइड भडकन पेटतं, आणि तुमच्या खोलीत लाकडाचा भुसा असणार.

सेल्युलॉइड निघालं तर गोंद विकतही घ्यायला नको. त्याच पट्टीच्या कतरणी बाटलीत टाकून ॲसिटोन ओता, रात्रभरात मधासारखं होतं. ते लावलं की पट्टीची आतली बाजू विरघळते, लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि ॲसिटोन उडाल्यावर तिथेच घट्ट होते. ॲसिटोन केमिकलच्या दुकानातून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल, पाणी, सुगंध असं काय काय असतं. आणि थिनर म्हणजे ॲसिटोन नव्हे, हे रंगाच्या दुकानात तीनदा सांगावं लागतं.

पेठेतला_सुतार
तारसप्तकांशी सहमत. माझी चार वाक्यं जोडतो. पांढरा सुतारी गोंद प्लास्टिकला लावू नका. लाकडाला तो धरतो, प्लास्टिकवर नुसता पापडासारखा वाळून बसतो. दोन डब्यांचा इपॉक्सी धरेल, पण तो पसरतो, सरकतो, रात्रभर पट्टी हलत राहते आणि पुसायला गेलं की दिवाळी. पट्टीला लागणारा वेळ बघता लोक शेवटी क्विक गोंदावरच येतात.

गड्ड्यावरचा_पाळणा
क्विक गोंद म्हणजे काय करलालाव ते बघून करा बे. माझी ऐका.

यंत्रमागाच्या कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. एका पट्ट्याची मूठ निघाली होती, मी क्विक गोंदाची अख्खी बाटली ओतली. वरून वाहिलं. सोलापुरात हात पुसायला काय असतंय? सुताचं वेस्ट. ढीगच पडलेला. मूठभर घेतलं अन् पुसलं. दोन सेकंदात हातात इस्तरी धरल्यागत झालं. टाकलं खाली, तर त्यातनं धूर! डोळ्यात असं झोंबलं की कांदा बरा. मुकादम पळत आला, त्याला वाटलं मी कारखान्यात बिडी पेटवली. तीन दिवस बोटावर फोड होता, अन् मुकादमाला अजून पटलेलं नाही.

रसायनताई
पाळणादादा, मुकादमाला हे दाखवा, तुमची बाजू खरी आहे :)

क्विक गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, वाळत नाही. तो ओलाव्याच्या स्पर्शाने साखळ्या बांधून घट्ट होतो आणि त्यात उष्णता निघते. एरवी थेंबभर गोंदात ती कळत नाही. सुती कापडात मात्र पृष्ठभाग प्रचंड आणि धाग्यात ओलावा मुरलेला, त्यामुळे सगळा गोंद एकदम घट्ट होतो आणि सगळी उष्णता एका क्षणात बाहेर. धूर येतो, भाजतं, कधी पेटही घेतं. म्हणून क्विक गोंद हाताळताना सुती हातमोजे नाहीत, सुती फडकं नाही, वेस्ट तर नाहीच नाही. बोटं चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा.

सोलापूरकरांसाठी आणखी एक. एप्रिल-मेमधल्या आपल्या कोरड्या हवेत क्विक गोंद पुण्या-मुंबईपेक्षा सावकाश धरतो, कारण हवेतला ओलावाच कमी. लोक म्हणतात बाटली जुनी झाली. दर वेळी बाटलीचा दोष नसतो. पाण्यावरच्या सुतारी गोंदाचं उलट. त्याला पाणी उडवून टाकायचं असतं, आणि आपल्या दुपारी ते इतक्या लवकर उडतं की पट्टी बसवेपर्यंत गोंदावर साय धरते.

शेंगाचटणी
परीक्षेचा निकाल. कड घासली, वास घेतला. कापूर नाही. बायकोलाही वास घ्यायला लावला, ती म्हणाली "बादलीचा वास येतोय". ॲसिटोनचा थेंब टाकला. विरघळली नाही, चिकट झाली नाही, जागा थोडी फुगल्यासारखी मऊ झाली आणि परत कडक. मागच्या बाजूला काहीतरी पुसट थर आहे, नखाने खरवडला की मेणासारखा निघतो.

तारसप्तक
मग ती फर्निचरची एज बँड आहे हो. प्लायच्या कडेला लावतात ती. पीव्हीसी. मागचा पुसट थर म्हणजे प्राइमर, मशीनमधला गरम गोंद धरावा म्हणून दिलेला. "रुंद होती, कापून घेतली" म्हणालात तेव्हाच शंका यायला हवी होती.

वाईट काही नाही त्यात. पण ॲसिटोनवाला घरगुती गोंद बाद. पाइपला लावतात ते सोल्युशनही आणू नका, ते पीव्हीसीला पीव्हीसी जोडायचं औषध आहे, लाकडाशी त्याचं जमत नाही. मागचा थर पॉलिश पेपरने पूर्ण काढा, पट्टी खरखरीत करा, पुसा, आणि मध्यम दाट क्विक गोंद वापरा. पाण्यासारखा पातळ नको, तो स्प्रूसमध्ये पळतो. खाचेत चपडा दिलाय ते क्विक गोंदासाठी बरंच झालं, डाग आत शिरणार नाही.

मिरजेचा_भाचा
सेल्युलॉइडचा विषय निघालाच आहे तर थोडं गिटारपासून लांब नेतो, माफी.

माझं आजोळ मिरज. तिथल्या सतारींवर आणि तंबोऱ्यांवर पांढऱ्या नक्षीच्या पट्ट्या असतात ना, त्या एके काळी हस्तिदंत किंवा सांबरशिंगाच्या असायच्या, नंतर सेल्युलॉइडच्या आल्या. लहानपणी कारागिराच्या दुकानात बसायचो. चटईवर पट्टी, पायाच्या अंगठ्याने दाबलेली, आणि हातातल्या टोकदार हत्याराने तो वेल कोरायचा. कोरलेल्या रेषांत रंग भरायचा आणि पुसून टाकायचा, रंग रेषेतच राहायचा. खोलीत लाखेचा आणि सरसाचा वास. सरस म्हणजे कातड्याचा गोंद, दुहेरी भांड्यात मंद आचेवर ठेवलेला. अंगावर उडाला तर खाज, पण वाद्य दुरुस्तीला आलं की गरम पाण्याने सांधा परत सुटायचा. तो मोठा फायदा.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा भोपळा मात्र तुमच्या जिल्ह्यातला, पंढरपूरच्या बाजूचा. म्हणजे मिरज गाते ती सोलापूरच्या पोटातून.

कडकभाकरी
@मिरजेचा_भाचा शेवटचं वाक्य मिरजेत मोठ्याने म्हणून दाखवा.

पार्कवरचा_स्मॅश
सेल्युलॉइड हवंय? माझ्याकडे पिशवीभर आहे. टेबल टेनिसचे जुने चेंडू. २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत प्लास्टिकचे चेंडू आले, तेव्हा क्लबातले जुने मी उचलून आणले, टाकवत नव्हते. बायको दर दिवाळीला त्या पिशवीकडे बघते.

तारसप्तक
@पार्कवरचा_स्मॅश टाकू नका! ॲसिटोनमध्ये विरघळवून सेल्युलॉइडच्या पट्टीतल्या फटी भरायला उत्तम. फक्त उन्हात, बंद डब्यात, गॅसजवळ ठेवू नका. त्या वस्तूचा स्वभाव तापट. आणि नव्या चेंडूंवर हा प्रयोग करायचा तर आधी वास घ्या, त्यातले पुष्कळसे एबीएसचे असतात.

नादखुळा_७
टेपबद्दल कोणीच बोलेना. मी तीन गिटारींना बाइंडिंग केलंय, त्यातलं एक परत काढावं लागलं, म्हणजे अडीच धरा.

मास्किंग टेप ताणला की लांबतो आणि मग सुस्त पडतो. गाडीच्या रंगकामाचा चांगल्या प्रतीचा थोडा बरा. खाकी टेपची पकड नको तेवढी. मला पटला तो आत उभे धागे असलेला फिलामेंट टेप, जड खोके बांधतात तो. ताणला तरी लांबत नाही. आधीच वीतभराचे तीसेक तुकडे कापून टेबलाच्या कडेला लटकवून ठेवायचे. गोंद लावल्यावर टेप शोधत बसलात तर संपलात. टेप आधी बाजूला चिकटवायचा, खालून वर ओढत पट्टीवरून पाटीवर आणायचा, म्हणजे पट्टी आतही दाबली जाते आणि खालीही. दर दोन-तीन सेंटिमीटरला एक. सुरुवात बुडाच्या जोडापासून, कमरेकडे, मग वर.

काढताना घाई नाही. केस वाळवायचं यंत्र थोडं लांबून फिरवा, चिकट मऊ पडतो. मग टेप स्वतःवरच दुमडून, जवळजवळ पाटीला टेकवून, कडेकडे ओढत काढा. सरळ वर उपटला की स्प्रूस येणारच. तुमचा तुकडा तसाच गेला असणार.

पेठेतला_सुतार
टेपवर एवढं पुराण कशाला? आमच्या वडिलांनी हार्मोनियमच्या पेट्यांना कडा लावल्या, टेप बघितलासुद्धा नव्हता. बाजेची, म्हणजे खाटेला विणतात ती, सुती नवार घ्यायची, जुनी असेल तर उत्तम, धुऊन धुऊन मऊ झालेली. गुंडाळायची आणि ओढायची. पाटीवर चिकट लागत नाही, तंतू निघायचा प्रश्नच नाही. सोलापुरात राहून सुताची पट्टी परगावाहून मागवायची म्हणजे कमाल आहे. नवार नसेल तर सायकलची जुनी ट्यूब लांब चिरून घ्या.

नादखुळा_७
काका, ट्यूब मी वापरलीय. ती ताणली की जिथे बाक बाहेर आहे तिथे जोर देते, कमरेत हवेतच राहते. काळे डागही पडतात. नवार पटते.

रसायनताई
थांबा थांबा. नवार सुती आहे. आणि शेंगाचटणी क्विक गोंद लावणार आहेत. पाळणादादांची गोष्ट परत वाचा.

गड्ड्यावरचा_पाळणा
होय की! गिटारीतनं धूर निघंल, सूर नाही.

पेठेतला_सुतार
बरोबर आहे ताई, चूक कबूल. नवार ही सरसाची आणि सुतारी गोंदाची जोडीदार, क्विक गोंदाची नव्हे. वडिलांच्या काळी क्विक गोंद होता कुठे. म्हणून तर म्हणतो, गोंद आणि बांधणं वेगवेगळं ठरवू नका. क्विक गोंद असेल तर टेप. पाण्यावरचा गोंद असेल तर नवार, मध्ये मेणकागद.

पण शेंगाचटणी, एक विचारू? बाजू शिसवाची, आजोबांच्या कपाटाची, आणि तिला कड प्लायवूडच्या फर्निचरची? तुमच्याकडे शिसवाच्या कतरणी उरल्या असतील ना?

शेंगाचटणी
...उरल्यात. चांगल्या दोन हात लांब चार पट्ट्या निघतील.

काका, तुम्ही हे पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं.

पेठेतला_सुतार
तुम्ही गोंद विचारलात, गोंद सांगितला.

तारसप्तक
लाकडाची पट्टी लावणार असाल तर माझं आधीचं अर्धं उत्तर खोडा. खाचेतला चपडा आता अडचण आहे. क्विक गोंदाला तो चालत होता, सुतारी गोंदाला नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. खाच धारदार पटाशीने अलगद खरवडून घ्या. पाटीवरचा चपडा मात्र राहू द्या, तिथे सांडलेला गोंद ओल्या फडक्याने पुसता येईल. शिसवात नैसर्गिक तेल असतं, बसवायच्या दहा मिनिटं आधी पट्टी आणि खाच ॲसिटोनने पुसा. घेतलेलं ॲसिटोन वाया गेलं नाही.

नादखुळा_७
शिसवाची २ मिमीची पट्टी गार वाकवू नका, कमरेत कट्‌कन मोडते. बाजू ज्या गरम पाइपवर वाकवल्या त्यावरच वाकवा, ओली करून, पाइपवर पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. पट्टी आपणहून सैल पडते तो क्षण हाताला कळतो, त्याआधी जोर लावू नका. खाचेपेक्षा केसभर बाहेर ठेवा, नंतर खरवडून समतल करता येते. खोल बसली तर सगळी गिटारच खरवडत बसाल.

रसायनताई
आणि पहाटे करा. सहाच्या आत. दुपारी गच्चीवरच्या खोलीत गोंदावर साय धरेल. पिवळा सुतारी गोंद घ्या, चार-पाच मिनिटं काम करायला मिळतात, पांढऱ्यापेक्षा उन्हाळ्यात कमी मऊ पडतो आणि घासला की पॉलिश पेपरला चिकटत नाही. एका वेळी अर्धीच बाजू.

कडकभाकरी
पहाटे सहाला गिटार गुंडाळायला उठणारा माणूस आकडेमोड करतो यावर माझा विश्वास नाही.

शेंगाचटणी
पाच दिवसांनी हजर.

चारपैकी एक पट्टी कमरेतच मोडली. थेंब नाचत नव्हता, मला घाई होती. बाकीच्या तीन वाकल्या, चौथी नवीन तासली. खाच खरवडली. ॲसिटोनने पुसताना शिसवातून फडक्यावर तांबडा-जांभळा रंग आला, घाबरलो, मग कळलं तो लाकडाचाच रंग आहे. स्प्रूसवर जाऊ दिला नाही.

पहाटे साडेपाचला मी आणि आई. आई कारण नवार तिच्या माळ्यावरच्या बाजेची, आणि ती म्हणाली "माझ्या नवारीला गोंद लावशील, मी बघणार." तिनेच गुंडाळली. माझा हात गोंदात, तिचा नवारीत. मी सैल धरली की ती म्हणायची, "अरे बाजेला अशी ओढली असती तर तुझे आजोबा जमिनीला टेकले असते." कमरेत नवार हवेत राहात होती, तिथे मी एक गोल ठोकळा तासून ठेवला होता, तो खोचून वरून नवार ओढली. मध्ये मेणकागद. फिलामेंट टेपचे तुकडेही लटकवून ठेवले होते, बुडाच्या जोडाला दोन लागले.

दुसऱ्या दिवशी सोडली. बुड, खांदे, पाठ, सगळं बसलंय. पुढच्या पाटीच्या कमरेत, डाव्या बाजूला, बोटभर लांबीची फट आहे, नखही जेमतेम शिरतं. काय करू, परत काढू?

पेठेतला_सुतार
अजिबात काढू नका. शिसवाचाच बारीक भुसा, फटीत भरा, वरून पातळ क्विक गोंदाचा एक थेंब. भुशालाही तो लवकर धरतो, तेव्हा थेंबच. आणि आधी फटीशेजारच्या स्प्रूसवर चपड्याचा अजून एक हात. वाळल्यावर काचेच्या तुकड्याने किंवा ब्लेडने खरवडा, ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळून, म्हणजे पाटीवर चरा पडणार नाही. ती फट तुम्हाला आणि देवाला दिसेल. देव बोलत नाही.

रसायनताई
भुसा भरताना चष्मा लावा. आणि बाजूला सुती फडकं नको!

नादखुळा_७
फोटो टाका. अडीचवाल्याला बघू दे चांगलं कसं दिसतं ते.

शेंगाचटणी
फट भरली, खरवडली. बोट फिरवलं तर लागत नाही, डोळ्याने शोधावी लागते. फोटो रविवारी, पॉलिशचा पहिला हात झाला की. पांढरी एज बँड आता बायकोने स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या कडेला लावायला मागितलीय. त्याला गोंद कुठला, ते सांगा.

कडकभाकरी
नवीन धागा काढा. आणि आईची नवार आधी परत द्या.

शेंगाचटणी
धुऊन दिली. तिने उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासली. एक टोक अर्धा इंच कडक झालंय, ते तिने माझ्यासमोर कात्रीने कापलं आणि माझ्या हातात दिलं.